बेदावा

आठव्या शतकातल्या बव्हेरियाच्या लोकांनी आपल्या कायद्याच्या पोथीत ड्यूकचे एक माप लिहून ठेवले आहे. प्रसंग तसा घरातलाच. बाप हयात असताना मुलाला गादीची घाई झाली तर काय करायचे? पोथी त्या मुलाला बजावते: तुझा बाप जोवर न्यायाला बसू शकतो, सैन्यासोबत चालू शकतो, मर्दासारखी घोड्यावर मांड टाकू शकतो, आपली शस्त्रे स्वतः पेलू शकतो, बहिरा नाही की आंधळा नाही, तोवर त्याच्या गादीला हात लावायचा नाही.

हे कलम मला फार आवडते. सत्तेबद्दल इतके सरळ बोलणे पुढच्या काळात कुणाला जमले नाही. यात तत्त्वज्ञान नाही, आकाशातून उतरलेला अधिकार नाही. राज्य म्हणजे दोन कान, दोन डोळे, मनगट आणि मांड. ज्याचे हे सारे शाबूत, तो ड्यूक.

पण त्याच पोथीत, थोडे पलीकडे, आणखी एक कलम आहे. ड्यूक आगिलोल्फिंग घराण्यातलाच असला पाहिजे, असे ते म्हणते. त्या घराण्यातल्या कुणाचा खून झाला तर चौपट भरपाई द्यावी लागे, इतका त्या रक्ताचा मान. मात्र हा मान त्यांना फ्रँक राजांनी दिला आहे, आणि त्या घराण्यातला जो राजाशी इमान राखणारा व शहाणा असेल त्यालाच राजा ड्यूक नेमतो, हेही तिथेच लिहिले आहे. घोड्यावर मांड टाकता येते की नाही हे चारचौघांना दिसते. इमान दिसत नाही. ते आहे की नाही हे ज्याच्याशी राखायचे तोच ठरवणार. बव्हेरियाचा शेवटचा आगिलोल्फिंग ड्यूक तिसरा तासिलो याचे सगळे आयुष्य या दोन कलमांच्या मध्ये सापडलेले आहे.

त्याच्या जन्माआधीच घरात इमानाचा प्रश्न उभा राहिला होता. त्याची आई हिल्ट्रुड ही फ्रँकांचा सर्वसत्ताधीश चार्ल्स मार्टेल याची मुलगी. बाप वारल्यावर, भावांच्या इच्छेविरुद्ध, सावत्र आईच्या सल्ल्याने ती ऱ्हाइन ओलांडून निघाली आणि बव्हेरियाच्या ओदिलो ड्यूककडे जाऊन त्याच्याशी लग्न करून बसली. भावांनी हे कधी पुरते गिळले नाही. पिपिन आणि कार्लमान यांनी मेव्हण्यावर स्वारी केली, 743 मध्ये त्याला हरवले आणि पुन्हा गादीवर बसवले. 748 मध्ये ओदिलो वारला तेव्हा तासिलो सहा-सात वर्षांचा असेल. ग्रिफो नावाच्या सावत्र मामाने बहीण, भाचा आणि मुलूख असे तिन्ही ताब्यात घेतले. मग पिपिन मामा सैन्य घेऊन आला, ग्रिफोला हुसकावून त्याने भाच्याला गादीवर बसवले. एका मामाने हिसकावले, दुसऱ्या मामाने दिले. ज्या वयात मुलाला घोड्यावर कुणीतरी उचलून बसवावे लागते, त्या वयात तासिलोला ड्यूकपदावर बसवण्यात आले. ज्याने बसवले त्याला आपण उतरवूही शकतो असे वाटले, तर त्यात नवल नाही.

आई 754 मध्ये गेली. तोवर पिपिन फ्रँकांचा राजा झाला होता. 756 मध्ये इटलीतल्या लाँगोबार्डांवर त्याने स्वारी केली तेव्हा पोरसवदा भाचा आपली माणसे घेऊन सोबत गेला. आणि पुढच्या वर्षी, 757 मध्ये, कोंपिएन्य इथे काय घडले यावर आजतागायत वाद चालू आहे.

फ्रँक राजदरबाराचा वृत्तांत सांगतो की, तासिलोने आपले दोन्ही हात राजाच्या हातांत दिले आणि त्याचे मांडलिकत्व पत्करले. संत देनिस, रुस्तिकुस, एलेउथेरिउस, गेर्मानुस, मार्टिन यांच्या अस्थींवर हात ठेवून त्याने असंख्य शपथा घेतल्या, जन्मभर इमान राखीन असे वचन दिले. त्याच्याबरोबरच्या सरदारांनीही तेच केले. वर्णन इतके भरगच्च आहे की तिथेच पाल चुकचुकते. सहसा दोन-चार ओळींत वर्ष उरकणारा हा वृत्तांत एका तरुण ड्यूकच्या शपथेपाशी एवढा का थांबतो? हा मजकूर 790च्या सुमारास, म्हणजे तासिलोला पदच्युत केल्यानंतर सिद्ध झाला. माथियास बेखर या जर्मन इतिहासकाराने 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा बारकाईने माग काढला, आणि ही शपथ नंतरच्या खटल्याच्या सोयीने मागच्या तारखेला नेऊन बसवली गेली असे प्रतिपादन केले. सगळ्यांना ते पटलेले नाही. पण मागल्या तारखेचे कागद कसे तयार होतात हे ज्याने थोडेफार पाहिले आहे, त्याला अशा वेळी आठव्या शतकातला कारकून फार परका वाटत नाही.

दरबाराच्या फिर्यादीत यानंतर 763 चे साल येते. पिपिन अक्विटेनच्या ड्यूकवर पुन्हा एकदा चालून निघाला होता. तासिलो त्याच्या सैन्यात होता आणि वाटेतूनच परतला. वृत्तांत म्हणतो, आजाराचे खोटे निमित्त केले, आणि राजाचे तोंड पुन्हा पाहणार नाही अशी शपथ वाहिली. सैन्य सोडून जाण्याच्या गुन्ह्याला जर्मन बोलीत ‘हारिसलिझ’ म्हणत, त्याला देहदंड होता. पण त्या वेळी काहीच झाले नाही. पिपिनच्या हातात अक्विटेनची लढाई होती. पाच वर्षांनी तो वारला, तेव्हाही भाचा आपल्या गादीवर सुखरूप होता. गुन्हा तसाच पडून राहिला. तो पंचवीस वर्षांनी उघडला जाणार होता.

बाविशीच्या सुमारास सैन्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे घोडा हाकणारा हा तरुण माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. त्या वेळी त्याला काय वाटले असेल हे कुणी लिहून ठेवलेले नाही. पण अक्विटेनचा ड्यूकही त्याच्यासारखाच एक ड्यूक होता आणि दरसाल त्याचा मुलूख जाळला जात होता. पुढची पाळी कुणाची, हा हिशेब करायला फार अक्कल लागत नव्हती.

त्यानंतरची बरीच वर्षे तासिलो खऱ्या अर्थाने आपल्या मर्जीने जगला. बव्हेरियातली दानपत्रे ‘तासिलो ड्यूकच्या कारकिर्दीचे अमुक वर्ष’ अशी मिती घालून लिहिली जात. फ्राइजिंगच्या कोझ्रोह नावाच्या लेखनिकाने पुढच्या शतकात अशी शेकडो दानपत्रे उतरवून ठेवली, त्यामुळे ती आपल्याला वाचता येतात. कुणी शेत दिले, कुणी कुरण, कुणी आपल्या कुळांसकट वाडी. साक्षीदारांची नावे, आणि मिती ड्यूकची. राजाचे नाव नाही घेतले म्हणून कुणाचे पीक अडले नाही. डिंगोल्फिंग, नॉइशिंग इथे धर्मसभा भरल्या, आणि ज्या सभांना फ्रँकांच्या मुलखात राजा बसे, तिथे इथे ड्यूक बसला. 769 मध्ये त्याने आल्प्समधल्या इनिशेनची जागा मठासाठी दिली. हेतू हा की पूर्वेकडचे स्लाव्ह लोक ख्रिस्ताच्या मार्गाला लागावेत. 772 मध्ये त्याने कारांतानियाच्या स्लाव्हांना युद्धात हरवले. त्याच साली त्याच्या मुलाचा, थेओडोचा, बाप्तिस्मा रोममध्ये खुद्द पोप हाद्रियानच्या हातून झाला. साल्झबुर्गला आयर्लंडहून आलेल्या विर्गिल बिशपने नवे कॅथेड्रल बांधले, ते 774 मध्ये.

आणि 777 मध्ये क्रेम्समुन्स्टर. आजच्या उत्तर ऑस्ट्रियातला हा मठ तासिलोने वसवला आणि तो आजही चालू आहे. दंतकथा सांगते की त्याचा गुंथर नावाचा मुलगा रानडुकराच्या शिकारीत मारला गेला, आणि बापाने त्या जागी मठ बांधला. चौदाव्या शतकाच्या आरंभी तिथे गुंथरची कबर दगडात कोरली गेली. त्याच्या पायाशी रानडुक्कर आहे. पण दंतकथेपेक्षा दानपत्र मला अधिक ओढून नेते. त्यात द्राक्षमळे आहेत, मिठागर आणि मीठ उकळणारी माणसे आहेत, स्लाव्हांची एक वस्तीही आहे. तिच्या मुखियाचा, झुपानाचा, नावासकट उल्लेख आहे: फिसो. हद्दीचा निवाडा करताना या फिसोने शपथ घेतली. इतिहासात त्याने एवढेच केले. त्याच्यावर कुणी पुढे खटला भरला नाही, म्हणून त्याची शपथ जशी होती तशी राहिली.

याच मठात एक चषक जपून ठेवलेला आहे. तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला, सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंच आणि वजनाला तीन किलोच्या आसपास. वरच्या भागावर ख्रिस्त आणि चार सुवार्ताकार, पायथ्यावर संत, आणि मधल्या रिकाम्या जागांत आयर्लंड-इंग्लंडकडच्या कलेच्या वळणाची गुंतागुंतीची वेलबुट्टी. पायाच्या कडेवर लॅटिनमध्ये दोन नावे कोरली आहेत. ‘शूर ड्यूक तासिलो’ आणि ‘राजवंशाची डहाळी लिउतपिर्क’. नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचे नाव, तेही तिच्या माहेराच्या मोठेपणासकट, असा मान त्या काळी फार थोड्या जणींना मिळाला. लिउतपिर्क ही लाँगोबार्डांचा राजा देसिदेरिउस याची मुलगी. पिपिनचा मुलगा शार्लमेन यानेही देसिदेरिउसच्याच एका मुलीशी लग्न केले होते. म्हणजे हे दोघे आतेभाऊ-मामेभाऊ तर होतेच, काही काळ साडूही झाले. शार्लमेनने वर्षाच्या आत बायकोला माहेरी पाठवले आणि 774 मध्ये सासऱ्याचे राज्य जिंकून त्याला मठात कोंडले. तासिलोने बायको ठेवली. दरबारी वृत्तांतात तिच्यासाठी ‘देवाच्या तिरस्काराला पात्र’ असे विशेषण आहे. नवऱ्याला भरीस घालणारी तीच, असे तो सांगतो. तीन किलोचा चषक आणि ही एक ओळ यांपैकी कशावर विश्वास ठेवायचा ते आपण आपले ठरवावे.

लाँगोबार्ड राज्य गेल्यावर बव्हेरियाच्या दक्षिणेलाही शार्लमेन, पश्चिमेलाही शार्लमेन. 781 मध्ये राजाचे आणि पोपचे दूत येऊन जुन्या शपथांची आठवण देऊन गेले. तासिलो वर्म्सला गेला, शपथ पुन्हा घेतली, बारा ओलीस दिले. 787 मध्ये त्याने साल्झबुर्गचा बिशप आर्न आणि मोंडझेचा मठाधिपती हुनरिख यांना मध्यस्थीसाठी रोमला पाठवले. ज्या पोपने त्याच्या मुलाला बाप्तिस्मा दिला होता, त्याच पोपने आता बजावले की शपथ पाळली नाही तर तासिलो आणि त्याचे साथीदार बहिष्कृत होतील, आणि बव्हेरियात जे रक्त सांडेल त्याचे पाप राजाच्या माथी नसेल. युद्धाला लागणारी सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे आधीच मिळालेली क्षमा. ती शार्लमेनला मिळाली.

त्या शरद ऋतूत तीन फौजा निघाल्या. एक स्वतः राजाची, आउग्सबुर्गजवळ लेख नदीच्या मैदानावर. दुसरी पूर्वेचे फ्रँक, थुरिंगियन आणि सॅक्सन यांची, डॅन्यूबच्या काठी प्फोरिंगला. तिसरी इटलीतून, राजाच्या मुलाची, बोल्झानोपर्यंत. वृत्तांत म्हणतो, आपले बव्हेरियनच आपल्यापेक्षा राजाशी अधिक इमानी आहेत हे तासिलोने ओळखले. यात खोटे फारसे नसावे. सरदारांच्या जमिनी सीमेच्या दोन्ही बाजूंना होत्या आणि बिशपांना पोपच्या शब्दाबाहेर जाणे शक्य नव्हते. 3 ऑक्टोबर 787 रोजी तासिलो लेखच्या मैदानावर आला. त्याने राजाच्या हातात एक दंड दिला. त्या दंडाच्या टोकावर माणसाचे मस्तक कोरलेले होते. त्या दंडासोबत बव्हेरिया दिला, आणि ती जमीन मांडलिक म्हणून परत घेतली. पुन्हा बारा ओलीस, आणि तेरावा त्याचा मुलगा थेओडो.

घोड्यावर मांड टाकण्याची ताकद त्याच्यात अजूनही होती. तो बहिरा नव्हता, आंधळा नव्हता. पोथीतले पहिले माप त्याला पुरेपूर लागत होते. पण आता निवाडा दुसऱ्या कलमावर व्हायचा होता.

788 मध्ये इंगेलहाइमच्या राजवाड्यात सभा भरली. तासिलोला बोलावणे आले आणि तो गेला. तिथे त्याच्याच माणसांनी त्याच्यावर आरोप केले. पूर्वेच्या आवार लोकांशी संधान बांधले, राजाच्या माणसांच्या जिवावर उठला, आपल्या लोकांना सांगितले की शपथ घेताना मनात दुसरेच ठेवा. आणि एकदा म्हणाला, मला दहा मुलगे असते तरी ते सगळे गमावीन, पण हे करार पाळणार नाही. असे जगण्यापेक्षा मेलेले बरे. हे शेवटचे वाक्य आरोपपत्रातले आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही. पण ते वाचताना माझा हात थांबतो. थेओडो ओलीस होता. ज्याचा मुलगा शत्रूच्या ताब्यात आहे अशा बापाच्या तोंडी फिर्यादींनी घातलेले हे वाक्य, खोटे असेल तर रचणाऱ्याला माणसाच्या मनाची फार जाण होती असे म्हणावे लागेल, आणि खरे असेल तर तासिलोला त्याच्या शत्रूंनीच सगळ्यांत उंच शब्द मिळवून दिला.

हे सगळे झाल्यावर, जणू पुरेसे नव्हते म्हणून, 763 ची ‘हारिसलिझ’ बाहेर काढली गेली. पंचवीस वर्षांपूर्वीचा गुन्हा, तोही मृत राजाविरुद्धचा. सभेने एकमुखाने देहदंड सुनावला. राजाला दया आली, नातलग म्हणून त्याने प्राण वाचवले आणि तासिलोला काय हवे ते विचारले. त्याने मुंडण करून मठात जाऊ द्या अशी विनंती केली, असे दरबारी वृत्तांत सांगतो. दुसरा एक जुना वृत्तांत सांगतो की त्याची इच्छा नसताना त्याला केस उतरवायला लावले. त्याने एवढीच विनवणी केली की हे राजवाड्यात, फ्रँकांच्या डोळ्यांदेखत नको. राजाने ते मानले. 6 जुलैला ऱ्हाइनकाठच्या झांक्ट गोआरला त्याचे मुंडण झाले.

शार्लमेनच्या घराण्याला केस कापण्याची सवय होती. पिपिनने 751 मध्ये मेरोव्हिंग घराण्यातल्या शेवटच्या राजाचे लांब केस उतरवून त्याला मठात घातले आणि गादी घेतली. मुंडण झालेला माणूस राज्य करू शकत नाही. ज्याचा खून केला तर सूड उगवायला कुणी उठेल, त्याला मठात ठेवले की कुणी उठत नाही. तासिलोने आयुष्यभर मठ उभारले. मठ हा तुरुंगही असतो हे त्याने सासऱ्याच्या वेळी पाहिले होते. त्याला सेन नदीकाठच्या ज्युमिएजला पाठवले. थेओडोला ट्रियरला. लिउतपिर्क, दुसरा मुलगा, मुली यांनाही निरनिराळ्या मठांत वाटून टाकले. बव्हेरियावर शार्लमेनने आपला मेहुणा गेरोल्ड याला नेमले, पण ड्यूक म्हणून नव्हे. ड्यूक हे पदच उरले नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती सहा वर्षांनी पुन्हा उघडली. 794 च्या उन्हाळ्यात फ्रँकफुर्टला मोठी धर्मसभा भरली. स्पेनमधले पाखंडी मत, ग्रीकांची मूर्तिपूजा असे विषय होते. त्या सभेच्या ठरावांत तिसऱ्या कलमात अचानक तासिलो येतो. संन्यासी तासिलोला मठातून आणून सभेच्या मध्यभागी उभे केले. त्याने पिपिन राजाच्या आणि शार्लमेनच्या काळातल्या आपल्या अपराधांची क्षमा मागितली, मनातला सगळा राग सोडला, आणि बव्हेरियावरचा आपला, आपल्या मुलांचा व मुलींचा सर्व हक्क कायमचा सोडून दिला. राजाने या बेदाव्याच्या एकाच मजकुराच्या तीन प्रती करायला सांगितल्या. एक राजवाड्यात, एक राजवाड्याच्या प्रार्थनामंदिरात, आणि एक तासिलोला, मठात आपल्याजवळ ठेवायला.

चौथे कलम धान्याच्या भावाचे आहे. आदल्या दोन वर्षांत दुष्काळ पडला होता. भरती असो की टंचाई, ओटच्या मापाला एक दिनार, सातूच्या मापाला दोन, रायला तीन, गव्हाला चार, याहून जास्त कुणी घेऊ नये. एका दिनाराला दोन-दोन पौंडांच्या गव्हाच्या बारा भाकरी. एका घराण्याची अखेर आणि भाकरीचा भाव एकाच कागदावर, एकाच शाईत. मला यात क्रूरपणा दिसत नाही. राज्य चालवणारा माणूस असाच एकामागून एक काम उरकतो. पण म्हणूनच तिसरे कलम खटकते. उपाशी माणसांच्या प्रश्नाच्या आधी, सहा वर्षे मठात कोंडलेल्या पन्नाशीतल्या संन्याशाचा प्रश्न का यावा?

कारण 788 ला जे केले ते पुरले नव्हते. शरीर ताब्यात होते, दंड ताब्यात होता, केस उतरवले होते, तरी काहीतरी राहून गेले होते. फ्रँकांनी बव्हेरिया जिंकला होता, पण तो घेण्याचा हक्क आपला आहे असे त्यांना ज्याच्याकडून ऐकायचे होते, तो माणूस अजून जिवंत होता. म्हणून त्याला पुन्हा बाहेर काढावे लागले, क्षमा मागायला लावावे लागले, तीन प्रती कराव्या लागल्या. ज्युमिएजच्या कोठडीत ती तिसरी प्रत त्याने कुठे ठेवली असेल, वाचली असेल की नाही, यावर मी विचार करून पाहिला. त्याला स्वतःला त्या कागदाचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो राजाला, आणि आज आपल्याला. ज्याचा हक्क खरोखर संपलेला असतो, त्याच्याकडून बेदावा कुणी लिहून घेत नाही. शपथेच्या गोष्टी मागून रचता येतात, आरोपांसाठी साक्षीदार मिळतात. पण तीन जागी जपून ठेवलेला बेदावा खुद्द जेत्याच्या हातचा आहे, आणि तासिलो चाळीस वर्षे बव्हेरियाचा हक्काचा ड्यूक होता याचा तेवढा भक्कम पुरावा त्याच्या मित्रांनीही मागे ठेवलेला नाही.